बाईंची खुर्ची

लॉरेन पाव्हलिक पेनसिल्व्हेनियातल्या एका कोळशाच्या गावात सहावीच्या पोरांना शिकवायची, पण तिला खुर्चीला टेकलेलं कुणी पाहिलं असेल तर शपथ! त्या दिवशी तर सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. कॉफी तापवायची, ठेवायची आणि विसरायची. नवे मुख्याध्यापक डन तास बघायला येणार होते. त्यांना पटलं तर ग्रीक-लॅटिन शब्दमुळांचा तिचा अर्धा तास राहणार, नाहीतर त्या वेळात पोरं हेडफोन लावून कॉम्प्युटरपुढे बसणार.

आता तिची शिकवण्याची तऱ्हा म्हणजे निव्वळ बाजार! प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्याने पुठ्ठा. कुणाच्या ‘टेली’, म्हणजे लांब. कुणाच्या ‘फोन’, म्हणजे आवाज. कुणाच्या ‘ग्राफ’, म्हणजे लिहिणं. कुणाच्या ‘ऑटो’, म्हणजे स्वतः. बाईंनी टाळी वाजवली की उठायचं, बोंबलत आपला जोडीदार शोधायचा आणि जुळलेला शब्द फळ्यावर लिहायचा. शेजारच्या वर्गातून भिंतीवर थापा पडायच्या.

डन आले, मागे बसले, लॅपटॉप उघडला. बाईंनी टाळी वाजवली. कुणी हललं नाही. सगळी पोरं हाताची घडी घालून समोर बघत होती.

“अरे, उठा की! काय झालंय तुम्हाला?”

पुढच्या बाकावरून डेलिया कुजबुजली, “बाई, आम्ही ठरवलंय. आज आवाज नाही करायचा. आवाजामुळेच तुमचा तास जाणारे ना?”

बाई मनात म्हणाल्या, मेल्यांनो, हा शहाणपणा आजच सुचला का! राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं.

“शिस्त छान आहे हं,” डन मागून म्हणाले. त्यांचा चेहरा खुललेला होता.

आता नुसता कागद-पेन्सिलीचा स्वाध्याय दिला असता तरी तास वाचला असता. बाईंना ते कळत होतं. त्या फळ्यापर्यंत गेल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. आणि एकदम उरलेला एक पुठ्ठा उचलून त्यांनी स्वतःच्याच गळ्यात घातला.

“मी टेली! माझं कुणी आहे का रे इथे?”

मग मागच्या बाकावरचा रूडी ताडकन उठला. “मी फोन! बाई, इकडे, इकडे!”

झालं! बाकं सरकली, पोरं एकमेकांवर आदळली, ‘ऑटो’ने ‘ग्राफ’ला ओढत फळ्यापाशी नेलं. भिंतीवर थापा सुरू झाल्या. डननी लॅपटॉप मिटला आणि ते निघून गेले.

पुढच्या सोमवारी हेडफोन आले. वर्गात चिडीचूप. बाई रांगांमधून एक चक्कर मारून आल्या, दुसरी मारली. कुणाला काही विचारायचं नव्हतं, कुणाला काही सांगायचं नव्हतं. मग त्यांनी टेबलामागची खुर्ची ओढली आणि बसल्या.

खुर्चीचा आवाज झाला तसं रूडीने वर पाहिलं. त्याने हेडफोन काढून गळ्यात टाकला.

“बाई,” तो घाबरून म्हणाला, “तुम्हाला बरं नाहीये का?”