मार्थामावशीचं लुगडं

नातवाच्या गुडघ्याला टिंक्चर लावलं आणि त्या वासानं मला परळच्या आमच्या चाळीत नेलं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला होता. शेजारची कॅथलिक मार्थामावशी जखमेवर टिंक्चर ओतून, रविवारी चर्चमधल्या मिस्साच्या उपासनेला नेसायचं लुगडं फाडून जिन्यात पडलेल्या कामगाराची मांडी बांधत होती. आमचे प्रॉटेस्टंट पाळकसाहेब वरच्या पायरीवरून म्हणाले, "मावशी, सत्कृत्यांनी आत्म्याचं तारण होत नाही. ते देवाच्या कृपेनंच मिळतं."

"मिळंल तेव्हा मिळंल. आधी ह्याचा पाय धरा, रगत थांबत नाय."

त्यांनी धरला नाही. पुढे आमच्या चर्चमध्ये मात्र वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, की पाळकसाहेबांच्या प्रार्थनेनं तो वाचला. साफ खोटं आहे. त्याला मावशीनं वाचवलं. मी तिथेच उभा होतो, कृपेवरची वचनं तोंडपाठ आणि दोन्ही हात रिकामे.