पाचवीला आलेली बाटली

आमच्या ह्यांचा, म्हणजे रावजींचा, कुणाच्या शब्दावर म्हणून विश्वास नाही. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात झेंडू तोडून झाला की फाटकाशी खुर्ची टाकायची आणि पार्सलवाल्यांच्या गाड्या बघत बसायचं. कोण बोलल्या दिवशी येतो, कोण न येताच 'घरी कुणी नव्हतं' म्हणून कळवतो, सगळं तोंडपाठ. मळ्यातल्या बाया फोन घेऊन ह्यांनाच विचारायला येतात. "पांढऱ्या पिशवीवाले स्वस्त हायेत, पण चार दिवस लावतील. हिरवे उद्या म्हणले की उद्याच. अन् पैसे वस्तू हातात पडल्यावर द्यायचे, आधी नाय!" एकदा आधी पैसे भरलेला फवारणीचा पंप आलाच नाही, तेव्हापासून हा नेम. एवढी चौकशी माझ्या बापानं स्थळ बघताना केली असती, तर मी इथं नसते!

आमची लेक सरिता बाळंतपणाला आली. मुलगी झाली, पण पोरीच्या तोंडात वरच्या बाजूला फट. तिला दूध ओढताच येईना. चमच्यानं पाजलं की अर्धं नाकातून बाहेर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा बाळांसाठी दाबून पाजायची मऊ बाटली असते, ती ऑनलाइन मागवा; वजन आणखी उतरलं तर ॲडमिट करून नाकातून नळी घालावी लागेल.

घरी आल्या आल्या ह्यांनी दोन्हीकडे बघितलं. पांढरे चार दिवसांनी, हिरवे उद्या. हिरव्यांकडून मागवली, पैसे नेहमीसारखे आल्यावर. उद्या पाचवी आहे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

पाचवीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते म्हणतात. आमच्या घरात त्या दिवशी दाराबाहेर काही जात नाही. पैसा राहू द्या, चिमूटभर मीठसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोर रडून रडून थकलेली, नुसती कण्हत होती. सरिताचा जीव टांगणीला लागलेला. शेवटी मी फाटकाशी गेले.

"आली का हो बाटली?"

"आली व्हती."

"होती म्हणजे?"

"हिरव्या पिशवीवाल्या नवनाथला उद्या ये म्हणलं. पैसे द्यावे लागले असते. आज पाचवी हाय."

माझं डोकंच फिरलं. "अहो, अक्कल गहाण टाकली का? शेजारच्या मोतीरामकडून घेऊन द्यायचे होते!"

"सुचलंच नाय गं," म्हणाले.

तेव्हा मला आमचा पहिला मुलगा आठवला. त्याच्या पाचवीला ह्यांनी शेजारणीला तांब्याभर दूध दिलं होतं. महिन्याच्या आत पोर न्यूमोनियानं गेलं. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, पण ह्यांच्या मनातून ते दूध काही गेलं नाही. माझा आवाज खाली आला, तरी बोलायचं ते बोललेच. "पोर उपाशी राहिली तर सटवाई लिहिणार कुणाच्या कपाळी?"

ह्यांनी फळीवरचे पैसे घेतले, टोपी घातली, स्कूटर काढली. फाटकाबाहेर जाताना एकदा थबकले, घराकडे बघितलं आणि गेले.

नंतरचा वेळ कसा गेला ते माझं मला माहीत. नवनाथ फोन उचलेना. तो दरी गावाकडे गेला की मातोरीकडे, कोण सांगणार? ती बाटली आज हिंडून परत गोदामात गेली म्हणजे? मी पूजेची मांडामांड करत होते, पण कान रस्त्याकडे.

दिवेलागणीला हे आले. अंगभर धूळ, हातात हिरवी पिशवी. मातोरीच्या फाट्यावर नवनाथ गाठ पडला म्हणाले. बाटली उकळून घेतली, सरितानं हलक्या हातानं दाबली. पोरीनं घोट गिळला. मग आणखी एक. नाकातून काही आलं नाही. सरिता रडायलाच लागली.

आमच्याकडे पाचवीच्या पूजेला पुरुष बसत नाहीत. हे आले, टोपी काढून सटवाईच्या पाटासमोर बसले.

"आई, घरातला पैसा मी बाहेर नेला. पोरीचा काय दोष नाय. वाईट काय लिहायचं ते माझ्या कपाळी लिही."

पूजेत बाळाच्या नावानं ठेवलेला कोरा कागद आणि पेन उचलून त्यांनी आपल्यापुढे ओढून घेतले.

"आमच्या दोघांच्या," मी म्हणाले आणि त्यांच्या शेजारी बसले.