मनगटावरची टकटक

बाई समोरच्याचं मनगट हातात घेत आणि बोट वाकवून वरच्या हाडावर दार वाजवावं तशी टकटक करत. मग विचारत, "जेवलीस का?" उत्तराला जरा उशीर झाला की म्हणत, "खोटं बोलू नकोस. हाड ऐकतंय."

पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. सुती साडी, पायात बूट, मांडीवर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून त्या निवृत्त झालेल्या. आमच्या बिल्डिंगमध्ये, बरोब्बर माझ्या खालच्या घरात एकट्या राहत. संध्याकाळी जवळच्या एका गावात मुलींची कबड्डी चाले, तिथे जात. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नसे. त्या मुलींच्या पाळीची चौकशी करायला जात, आणि तीही भर मैदानात, मोठ्या आवाजात. बघायला आलेले बाप चपला शोधू लागत.

कारण साधं होतं. कुमारी गटात वजनाची मर्यादा असते. संघाची निवड जवळ आली की या मुली भात सोडत, पनवेलच्या घामट हवेत स्वेटर घालून धावत, पाणीसुद्धा चूळ भरून थुंकत. याला मुली 'वजन मारणं' म्हणत, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

बाई मैदानाच्या कडेला बसून सांगत, "चरबी म्हणजे नुसतं गोदाम नाही गं. ती मेंदूला निरोप धाडते, लेप्टिन नावाच्या हार्मोनचा. घरात शिल्लक आहे, काळजी नको, असा. तुम्ही उपाशी राहिलात की निरोप आटतो. मेंदूला वाटतं दुष्काळ पडला. मग तो आधी पाळी थांबवतो. पाळीबरोबर हाडांना सांभाळणारं हार्मोनही कमी होतं, आणि हाड आतून विरतं."

"आनि हाड काय बोलतं?" एकीने चेष्टेने विचारलं.

"तेही बोलतं. त्याचेही निरोप मेंदूपर्यंत जातात, असं उंदरांत दिसलंय. माणसांत अजून शोधतायत."

"म्हंजे आमी उंदीर," ती म्हणाली आणि सगळ्या लोळून हसल्या. बाई सर्वांत जास्त.

आमचं घर चळवळीतलं, तिथे खेळण्यांच्या आधी पत्रकांचे गठ्ठे आले. मीही जोशात पत्रक लिहिलं: 'मुलींच्या भुकेवर उभी राहिलेली ही व्यवस्था उलथून टाका'. बाईंनी ते शांतपणे वाचलं. "तुझं पत्रक फार ओरडतं. हार्मोन रक्तात एवढंसं असतं. ते ओरडत नाही, तरी पोचतं." मग त्यांनी माझा मथळा खोडून लिहिलं, 'वजन करायच्या आधी जेवा'.

त्यांचा जीव एकीवर होता. उंच, रुंद हाडाची, चढाईला गेली की मैदान गप्प होई. तिची पाळी कित्येक महिने आली नव्हती आणि नडगी ठणकत होती. बाई तिच्या घरी गेल्या, तर आई म्हणाली, "येत नाय त बरा हाय की. खेलताना कटकट नाय." बाई ओट्यावरून उठल्याच नाहीत. पोरगी रडली, मग जेवू लागली. निवडीच्या सकाळीही तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊन गेली. काटा मर्यादेच्या पुढे गेला आणि तिचं नाव कापलं गेलं.

मुलींना कबड्डी शिकवणारा तिचा मामाच. तो बाईंना एवढंच म्हणाला, "बाई, तुमी आता मैदानावर येव नका."

मी लगेच त्याच्याविरुद्ध पत्रक काढायला बसले. बाईंनी अडवलं. "पोरींना स्वतःच्या टेम्पोतून नेतो-आणतो तो. त्याच्यावर नको. त्याला हे कोणी सांगितलेलंच नाही."

त्यानंतर बाईंच्या संध्याकाळी रिकाम्या झाल्या. खालून येणारी कुकरची शिट्टी बंद झाली. मी डोकावले, तर चहात बिस्किट बुडवत बसलेल्या.

"बाई, हे जेवण?"

"एकटीसाठी कुकर कोण लावतं?"

"चरबी निरोप धाडत असेल ना?"

"आहेच कुठे आता धाडायला," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मी वरून डबा आणू लागले. त्यातला निम्मा बाई मांजरीला घालत, हे मला जिन्यात भेटणाऱ्या मांजरीच्या आकारावरून कळलं.

मग त्या न्हाणीघरात साध्याशा घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात ती पोरगी आली. आता वजनाची मर्यादा सैल असलेल्या खुल्या गटात खेळत होती, पाळी सुरू झाली होती. तिने डबा टेबलावर ठेवला, बाईंचं मनगट उचललं आणि बोट वाकवून टकटक केली.

"जेवल्या का, बाई?"

"जेवले गं."

"खोटं नका बोलू. हाड ऐकतंय."

बाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. पोरीने भात कालवला आणि घास हातात धरून बसून राहिली. बऱ्याच वेळाने बाई वळल्या.

पुढे नाशिकचा भाऊ त्यांना घेऊन गेला. मी फोन केला की म्हणत, "इथे ताट वेळेवर समोर येतं. त्यामुळे जेवलीस का, असं कोणाला विचारावंच लागत नाही." एकदा बोलता बोलता पलीकडून टकटक ऐकू आली. त्या फोनवर बोट वाजवत होत्या. मी खरं ते सांगितलं. त्यानंतर एका सकाळी भावाचाच फोन आला.

खालच्या घरात आता भाडेकरू आहेत. संध्याकाळी कुकरची पहिली शिट्टी होते आणि क्षणभर वाटतं, बाईंनी लावला. हात आपोआप मनगटाकडे जातो. मी अजून जेवलेली नसते.