काशीकडोन

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी दिगंबर पुंड टेबलावर डोकं टेकतात. राष्ट्रीय ग्रंथसंग्रहाच्या हस्तलिखित विभागात ही जेवणाची सुट्टी. पंखा फिरतो आहे, व्हरांड्यात कुणीतरी डब्याचं झाकण दाबून लावतं आहे. डोक्याखाली नव्या सूचीची मुद्रितं आहेत. ती पाच वाजता छपाईला जायची आहेत. एक पान सोडून सगळी तपासून झाली.

त्या पानावर एका मोडी पोथीची नोंद आहे. पोथीच्या अखेरीस लिहिणाऱ्याने टाकलेली, एका अक्षरावर किडीने भोक पाडलेली ओळ पुंडांनी अकरा वर्षांपूर्वी अशी वाचली होती: 'पोथी काशीकडोन लिहोन आली.' म्हणून स्थळ काशी, लेखनिक अज्ञात. त्यांच्या हाताखाली मोडी वाचायला असलेल्या कुमुदिनी आठल्ये तेव्हा म्हणाल्या होत्या, 'आली' नाही, 'जाली' आहे. जाली म्हणजे झाली. काशीकडून लिहून झाली. काशी हे गाव नव्हे, बाई आहे.

"आठल्येबाई," पुंड भर बैठकीत म्हणाले होते, "तुम्हाला किडीने पाडलेल्या भोकातसुद्धा बाईच दिसते."

सगळे हसले. आठल्येबाईंनी कपातला चहा संपवला. पुढच्या मार्चात त्या निवृत्त झाल्या आणि त्यानंतर दोन वर्षांनी वारल्या.

काल पुंडांनी पोथी तिरप्या दिव्याखाली धरली. भोकाच्या कडेला शाईचं एक वळण उरलं आहे. ते 'जा'चं आहे. त्यांनी दिवा बंद केला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

पंख्याचा आवाज लांब जातो.

"पुंड, मान अवघडेल," म्हणत आठल्येबाई समोरची खुर्ची ओढतात. अंगावर निरोपसमारंभातली साडी आहे, घड्यांच्या खुणांसकट.

"बाई, तुम्ही तर..."

"गेले, हो. म्हणून काय कामावर येऊ नये?"

पुंड उठतात तर पायाखाली फरशी नाही, ओल्या पायऱ्या आहेत. कपाटांच्या रांगांमधून नदी वाहते आहे. खालच्या पायरीवर एक बाई पाठमोरी बसून लिहिते आहे. तिने कागदभर आडवी रेघ आधीच ओढून घेतली आहे आणि त्या रेघेला ती अक्षरं टांगत चालली आहे, लेखणी न उचलता.

"हीच का?" पुंड हळू आवाजात विचारतात.

"तिलाच विचारा की. गाव असेल तर बोलणार नाही."

बाई मान वळवत नाही. नुसता कागद मागे सरकवते. आठल्येबाई ओळीवर बोट ठेवतात. "वाचा."

"पोथी काशीकडोन लिहोन आली."

"जाली."

"आली."

"पुंड, ज. जांभळाचा ज."

पुंड तोंड उघडतात. जीभ टाळूला लागतच नाही. "आंभळाचा," ते म्हणतात.

नदी नाही. बैठकीची खोली आहे, लांब टेबल आहे, प्रत्येकापुढे चहा आणि दोन बिस्किटं. अकरा वर्षांपूर्वीचे सगळे जण त्यांच्या तोंडाकडे पाहत थांबले आहेत.

"आऊ द्या ना बाई," पुंड म्हणतात.

"काय आऊ द्या?" आठल्येबाई विचारतात. कुणी हसत नाही.

"ते बोलणं. मला तेव्हाच शंका आली होती. तुमचं बरोबर असणार असं वाटलं होतं. तरी मी आणूनबु..." त्यांना पुढे जाता येत नाही. "बाई, मला ला... ला..."

"लाडू हवाय?"

"ला वाटते."

"कळलं हो," त्या म्हणतात. "तोंडाने नाहीच जमायचं. मला तरी त्या दिवशी कुठे जमलं? घरी गेल्यावर सुचली सगळी उत्तरं. भांडी घासताना." चहाचा कप त्या त्यांच्याकडे सरकवतात. "नोंदीत 'वाचन' म्हणून एक ओळ असते. तिथे कुणाचं नाव आहे?"

पुंड पानावर तळहात ठेवतात.

"उचला हात."

"बाई, सूची माझ्या नावावर निघते आहे. लोक विचारतील, अकरा वर्षं काय करत होतात."

"विचारतील," आठल्येबाई म्हणतात. "उचला."

पुंड डोकं वर करतात. तीन वाजायला पाच मिनिटं आहेत. खोलीत कुणी नाही. तळहाताखाली पान आहे आणि पानाच्या घडीत वाळू आहे, पूर्वी ओली शाई टिपायला टाकत तसली, बारीक, काळपट. पोथी तळमजल्यावर कुलुपात आहे. अंगातला शर्ट आज सकाळी धुवून आलेला आहे. ते वाळू बोटांत चोळून बघतात. खरखर लागते.

पाच वाजता छपाईखात्याचे गावकर पानं न्यायला येतात. 'आली'चा आ खोडून तिथे जा केलेला आहे. स्थळापुढची काशी उचलून लेखनिकापुढे ठेवली आहे. 'वाचन' या शब्दापुढचं 'दि. पुंड' खोडलं आहे. त्या जागी दुसरं काही लिहिलेलं नाही.

"साहेब, हे असं रिकामंच छापायचं?" गावकर विचारतात.

पेन पुंडांच्या हातात आहे. पाच वाजून चार मिनिटं झाली आहेत.