भरपगारी सुट्टी

तुमसरजवळच्या कारखान्यात मी ठेकेदाराचा मजूर म्हणून लागलो, तेव्हा सुट्टी म्हणजे हजेरी बुडणं एवढंच आम्हाला ठाऊक होतं. अंगात ताप असला तरी भट्टीपुढे उभे राहायचो. बऱ्याच वर्षांनी कंपनीने काही जणांना कायम केलं, त्यात मी होतो. आता घरी बसलो तरी पगार मिळेल अशा सुट्ट्या आहेत, हे मी गावी सिहोऱ्याला जाऊन आईला सांगितलं. तिला ते पटेना.

"काम नाही केलं तरी देतेत? काहून?"

"कायदाच आहे तसा, माय."

ती मग म्हणाली, "मंग मले एकदा माह्या बहिणीकडं घेऊन चाल."

तिची थोरली बहीण नाकाडोंगरीला असायची. गाव लांब नव्हतं, पण आईला बस लागायची, एकटीला पाठवायची सोय नव्हती. मी नि बायको कारखान्याजवळ राहायचो; मी रविवारी गावी यायचो आणि दुपारीच परत निघायचो.

मी अर्ज दिला. साहेब वाईट माणूस नव्हते. "भट्टीची दुरुस्ती होऊन जाऊ द्या," म्हणाले. दुरुस्ती झाली, तर माणसं आजारी पडली. मग माल पाठवायची घाई आली. दर वेळी ते म्हणत, "तुमची सुट्टी कुठं पळून चालली?" ते खरंच होतं, सुट्टी साठत होती. आई आधी दर रविवारी विचारायची. पुढं तिनं विचारणं सोडलं आणि बहिणीसाठी बांधून ठेवलेली लाखोळीची डाळ घरीच रांधून टाकली.

धानकापणीच्या दिवसांत तिला अंगणातच लकवा मारला. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून घरी आणली, तेव्हा उजवं अंग गेलं होतं आणि बऱ्याच माणसांची ओळखही पुसली होती. या खेपेला साहेबांनी अर्ज न वाचताच सही केली.

"साठलेली सगळी घ्या," म्हणाले.

असा मी पहिल्यांदा भरपगारी घरी बसलो. तिचं अंग पुसायचं, पेज भरवायची, कूस बदलून द्यायची. मावशीला तिच्या मुलानं मोटारसायकलवर आणून सोडलं. ती खाटेच्या कडेला बसून आईला लहानपणीच्या नावानं हाका मारत राहिली. आईनं तिच्याकडे नीट पाहिलं आणि अडखळत मला म्हणाली, "या बाईले चहा दे. कोठून आली?"

मावशीनं चहा घेतला नाही. संध्याकाळी परत गेली, ती पुन्हा आली नाही.

मी जवळ बसलो की आई बेचैन व्हायची. डावा हात दाराकडे करून म्हणायची, "जा ना बाबू. ड्युटीले उशीर होऊन राहिला."

"सुट्टी आहे, माय. पगार भेटते."

"असं कोनी देत नाही."

शेवटी मी उठून मागच्या छपरीत जाऊन बसू लागलो. मी कामावर गेलो असं वाटून ती शांत झोपायची. माझ्या सुट्टीचे उरलेले दिवस असेच छपरीत गेले.

सुट्टी संपली तेव्हा आई होती तशीच होती. बायको गावी येऊन तिच्यापाशी राहिली, मी कारखान्यात परतलो. नव्या वर्षाच्या सुट्ट्या खात्यावर चढल्या तेव्हा साहेबांनी स्वतःहून बोलावून विचारलं, यंदा कधी पाहिजे, आधीच सांगून ठेवा.

मी म्हटलं, यंदा नको.