सासूबाईंनी मागवलेलं जर्मन जेवण

इंदूरकर मंडळी, शहराबाहेर राऊकडे नवीन जर्मन रेस्टॉरंट उघडलंय ना, तिथून आत्ताच जेवून आले. लगेच लिहिल्याशिवाय राहवेना.

पुढच्या महिन्यात माझा दीर त्याच्या जर्मन बायकोला, हॅनाला, पहिल्यांदाच घरी आणतोय. त्यांनी तिकडे जर्मनीतच लग्न केलं, तेव्हापासून सासूबाई या विषयावर गप्पच होत्या. आज सकाळी मात्र म्हणाल्या, "चल, ते जर्मन जेवण खाऊन बघू."

मला वाटलं, आता नावं ठेवणार.

आम्ही श्पेट्झले मागवलं. मैद्याच्या मऊ, जाडसर शेवया, त्यावर वितळलेलं चीज आणि खरपूस तळलेला कांदा. सांगितल्यावर अंड्याशिवाय करून दिलं. काय चव होती! सासूबाईंनी प्लेट साफ केली आणि थेट शेफलाच बोलावलं.

"भिया, हे घरी जमेल क्या?"

शेफ आपलाच मराठी निघाला. "बिलकुल जमेल, काकू. या, दाखवतो."

त्याने त्यांना किचनमध्ये नेलं. सैलसर पीठ मोठ्या भोकांच्या चाळणीतून उकळत्या पाण्यात पडताना बघून त्या हसल्या. "अरे, हे तर माझ्या शेवेच्या झाऱ्यानेही होईल!"

गाडीत बसल्याबरोबर त्यांनी दिराला फोन लावला. "सुन, हॅनाला कांदा जास्त खरपूस आवडतो की कमी?"

 तो म्हणाला, "आई, ती इथेच आहे. तूच विचार ना."

सासूबाईंनी पदर सावरला, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "हॅलो बेटा."

तुमच्या घरी नव्या माणसासाठी कोणी काय शिकलं? सांगा ना.