जंगल भरत नाही

गावामागची सरकारी झाडी जंगलात मोडते का, हे ठरवायला मोजणीदार आले होते. मोडत नसेल, तर तिथं खडीक्रशर येणार होता. दिवसभर फिरून ते बाहेर आले, तेव्हा शर्टभर करवंदीचे काटे होते.

"क्षेत्र कमी पडतं," ते म्हणाले. "जंगल भरत नाही."

किती झाडं जमली की जंगल भरतं? लहानपणी मला परसातल्या अळवातही वाघ दिसायचा. तेव्हा जंगल मोजायला भीती पुरायची.

इतक्यात मोजणीदारांनी खांदा चाचपला. टेप आतच राहिली होती.

"जा की, घेऊन या," सरपंचबाई म्हणाल्या.

मोजणीदारांनी काळवंडलेल्या झाडीकडे पाहिलं. "उद्या बघू. या वेळी जंगलात कोण शिरणार?"

"मग तेवढंच लिहा की कागदावर," बाई म्हणाल्या.